रांगेतली पातेली

दुष्काळात लातूरला आमच्या गल्लीत टँकर यायचा, तेव्हा माणशी एक घागर असा नियम होता. रांगेत एक बाई रोज माझ्यापुढे असायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. घरात एकटी, म्हणून तिची घागरही एकच. घागर पायानं पुढे सरकवत ती सगळ्यांना एकच विचारायची, बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात बघून ठेवलेलं एक कुत्रं घरी आणावं का.

"सोबत होईल, राखण होईल," असं म्हणून पदर खोचायची आणि लगेच उलटी बाजू मांडायची. "पण केस लई गळतेत. गावाला जायचं तर ठेवायचं कुणापाशी? अन् ते तीन पायांवर चालतंय, राखण काय करंल?" कुणी आण म्हटलं की नको म्हणायची, नको म्हटलं की भांडायची.

एका सकाळी तिच्या घागरीमागे छोटी पातेली दिसली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"त्याची. दुपारी आणायला चाललेय. आधी पाण्याच्या रांगेत त्याचा नंबर तर लागू दे."

तांब्याभर पाण्यावरून भांडणारी आमची गल्ली. मी मागं वळून बघितलं. रांगेत पालथ्या घागरीवर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "जरा मोठी तरी आणायचीस की."