नजीरभाईंचा कोरा कीबोर्ड

कळंबच्या तहसिलीसमोर टिनाचं एक शेड आहे. तिथे अर्ज टाइप करून देणारे बसतात, आणि अगदी कडेच्या टेबलावर नजीरभाई बसतात. कडेचं टेबल त्यांनी मुद्दाम निवडलेलं. एका बाजूला भिंत असली की तेवढ्या बाजूने तरी कोणी डोकावत नाही, असा हिशेब. दुसऱ्या बाजूला पुंडलिकराव, तेही अर्ज टाइप करणारेच. त्यांना भिंत करता आली असती तर नजीरभाईंनी तीही केली असती.

संशय हा त्यांचा स्वभाव होताच, पण धंद्यातही तो उपयोगी पडला होता. टाइपरायटरच्या दिवसांत ते वापरलेला कार्बन घरी नेऊन चुलीत घालायचे. कार्बन उजेडात धरला की कोणी कोणाविरुद्ध काय लिहून दिलं ते सरळ वाचता येतं, आणि पुंडलिकराव तो धरणारच, अशी त्यांची खात्री. पुंडलिकरावांनी असं काही केलेलं कोणी कधी पाहिलं नव्हतं. "पाह्यलं नाही म्हणजे केलं नाही, असं थोडंच हाय," नजीरभाई म्हणायचे. पण ह्याच वेडामुळे गावोगावी एक गोष्ट पसरली होती, की नजीरभाईच्या टेबलावर सांगितलेलं बाहेर फुटत नाही आणि समोरच्या पार्टीने कितीही ओढलं तरी हा माणूस फुटत नाही. भावाभावांची भांडणं, बांधाची कुरापत, सुनेची फिर्याद, सगळं त्यांच्याकडे यायचं. माणसाजवळ दुसरं काही नसलं तरी त्याचं नाव असतं. नजीरभाईंजवळ ते होतं.

आणि मग डाव्या हाताची बोटं दगा देऊ लागली.

हिवाळ्यात सुरुवात झाली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट. दुखत नव्हतं, मुंग्या यायच्या आणि मग काहीच यायचं नाही. चहाचा गरम पेला हातात धरला तरी त्या दोन बोटांना खबर नसायची. त्यांनी हे बायकोला, म्हणजे सुग्राबींना सांगितलं नाही. सुग्राबी शेजारणीला सांगतील, शेजारीण तिच्या नवऱ्याला सांगेल, आणि तो नवरा तहसिलीत शिपाई. डॉक्टरकडेही गेले नाहीत, कारण दवाखान्यात ओळखीचा माणूस भेटतोच. टाइप करणाऱ्याची बोटं गेली ही बातमी शेडमध्ये पोचली की दुसऱ्या दिवशी कडेच्या टेबलावर कोण बसलेलं असेल, हे ते डोळे मिटून सांगू शकत होते.

त्यात दुर्दैवाने जुना कीबोर्ड नेमका तेव्हाच मेला. तो दणकट होता, बटण दाबलं की खाडकन वाजायचा. बोटाला कळलं नाही तरी कानाला कळायचं की अक्षर पडलं. यवतमाळहून नवा आणला तो एकदम मऊ निघाला. आवाज नाही, धक्का नाही, बोट रुतल्यासारखं खाली जायचं. नजीरभाईंची नजर लहानपणी शिकल्याप्रमाणे हातातल्या कच्च्या कागदावर असायची, पडद्यावर नाही. डाव्या बोटाने बटण दाबलं की नुसतंच गोंजारलं, हे आता कोण सांगणार?

गिऱ्हाईकांनाही तो मुका कीबोर्ड आवडला नाही. गावचा माणूस स्टुलावर बसून खटखट ऐकत असतो. खटखट चालू आहे म्हणजे आपलं काम चालू आहे. तांड्यावरचा हरिसिंग राठोड तर थोडा वेळ बसून सरळ म्हणाला, "नजीरभाई, लिहून राह्यले का नुसते बसून राह्यले?"

हरिसिंगचं काम रस्त्याचं होतं. त्याच्या शेताकडे जाणारी वाट शेजाऱ्याने काट्या टाकून बंद केली होती. पेरणीच्या आत ती मोकळी झाली नाही तर बैलबंडी शेतात जाणार कुठून? तहसीलदारांच्या नावे अर्ज करायचा होता. गट नंबर दोनशे चौदा. नजीरभाईंनी टाइप केला, रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचूनही दाखवला आणि दोनशे चौदाच वाचला. आपल्या हातचं वाचताना डोळा काय लिहिलं ते पाहत नाही, काय लिहायचं होतं ते पाहतो. कागदावर मात्र दोनाचा आकडा पडलाच नव्हता. उरला गट नंबर चौदा.

गट चौदा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, थेट डांबरी रस्त्यावर. तहसिलीतल्या बाबूने तो अर्ज महिनाभर ठेवला आणि मग हरिसिंगला बोलावून सगळ्यांसमोर हसला, की रस्त्यावरच्या शेताला रस्ता कशाला हवा रे. हरिसिंग तिथून थेट शेडमध्ये आला. आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

"चूक झाली भाऊ," नजीरभाई म्हणाले. "कीबोर्ड खराब हाय."

"कीबोर्ड," हरिसिंग म्हणाला. त्याने नजीरभाईंकडे असं पाहिलं, जसं आजवर नजीरभाई जगाकडे पाहत आले होते. "आता दुसरा आणा. मी त्याच्यावरच लिहून नेईन." आणि गेला.

त्या नजरेने नजीरभाईंना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. त्याने समोरच्या पार्टीचं नाव घेतलं नव्हतं, पण मनात काय आहे ते नजीरभाईंना समजणार नाही तर कोणाला समजणार. संशयाच्या शाळेचे हेडमास्तर तेच होते.

त्याच आठवड्यात नागपूरहून लेकीचा फोन आला. शमा तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला होती. अम्मीने तिला सांगितलं होतं, की तुझे अब्बा हल्ली कीबोर्डशी भांडतात. शमा म्हणाली, "अब्बा, आमच्या ऑफिसात एक जण हौसेनं कीबोर्ड बनवतो. एकेक बटण निवडून, माणसाच्या हातासारखा. तुमच्यासाठी बनवून घेते. कसा हवा ते सांगा फक्त."

घरात सगळे हिंदी बोलत. पण नजीरभाईंना संशय आला की तोंडातून वऱ्हाडी निघे, कारण संशय करायला ते तहसिलीत शिकले होते, आणि मग शमाही त्याच बोलीत उत्तर देई.

"काहून?" ते म्हणाले. "तुले कोणी विचाराले सांगतलं?"

"कोण सांगन? मीच विचारून राह्यली."

"पुंडलिकरावचा पोरगा नागपुरातच हाय ना?"

शमाने कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनवर ऐकू आला. मग ती बापाचीच लेक असल्यामुळे चिडली नाही, प्रश्न विचारत राहिली. तार पाहिजे का बिनतारी? नजीरभाई म्हणाले, तारच. हवेतून अक्षरं पाठवायची म्हणजे ती जाणार कुठे याचा काय भरवसा, शेजारच्याच टेबलावर पुंडलिकरावांचा कॉम्प्युटर आहे. खाली दिवे पाहिजेत का, रंगीत? अजिबात नको, लांबून दिसतं. मांडणी? टाइपरायटरची, दुसरी कोणती ते मरेपर्यंत शिकणार नाहीत. आवाज? इथे नजीरभाई खुलले. आवाज पाहिजे, चांगला खणखणीत, गिऱ्हाईकाच्या कानात गेला पाहिजे. बटण दाबताना मध्ये एक अडसर लागावा आणि तो ओलांडला की खट्ट व्हावं. बोट नुसतं टेकलं तर अक्षर पडायला नको, पण दाबलं तर सुटायला नको. पेटी जड पाहिजे, टेबलावरून सरकली नाही पाहिजे.

"डाव्या बाजूचे बटन जरा जास्त वाजले पाह्यजे," ते म्हणाले. "अन् त्यायचा अडसर जास्त पाह्यजे. उजवीकडचे कसेबी चालतीन."

"डावीकडचेच काहून?"

"गिऱ्हाईक डावीकडे बसते. त्याले ऐकू जाचं हाय."

शमाने तेही टिपून घेतलं. शमा म्हणाली, "बरं. अन् बटनाच्या टोप्यांवर अक्षरं कोणत्या रंगाची?"

ह्या प्रश्नावर नजीरभाईंनी आपल्या मते हुकमाचा पत्ता काढला. अक्षरंच नकोत, सगळ्या टोप्या कोऱ्या. ते काही बटणांकडे बघून टाइप करणाऱ्यातले नव्हते, आणि कोऱ्या बटणांवर दुसरा कोणी हात चालवूच शकणार नाही. जेवायला उठलं की मागे कोण येऊन बसतं, काय उघडून बघतं, ही चिंताच मिटली. इतका आदर्श कीबोर्ड अख्ख्या जिल्ह्यात कोणाजवळ नसेल, असं त्यांना वाटलं आणि त्या रात्री ते पोटभर जेवले.

कीबोर्ड घेऊन शमा स्वतःच आली, रविवारी, एसटीने. काळी जड पेटी आणि त्यावर राखाडी कोरी बटणं. नजीरभाईंनी आधी पेटी उलटी करून पाहिली, काही लपवलंय का ते बघायला. मग त्यांनी हात ठेवले. खट्ट, खट्ट, खट्ट. स्वयंपाकघरातून सुग्राबी बाहेर आल्या, त्यांना वाटलं जुनं मशीनच काढलं. नजीरभाईंचे डोळे भरून आले. डाव्या बाजूला प्रत्येक दाब आता वेगळा कळत होता. बोटाला नसला तरी मनगटापर्यंत त्याचा धक्का येत होता.

शमाने त्यांचा डावा हात हातात घेतला आणि करंगळीला चिमटा काढला. जोराचा. नजीरभाई कीबोर्डकडेच पाहत होते.

"अब्बा," ती म्हणाली, "मी चिमटा काढला."

नजीरभाईंनी हात झटक्याने ओढून घेतला. "कोणी सांगतलं तुले?"

"तुमीच. डावीकडचे जास्त वाजले पाह्यजे, डावीकडचे सुटले नाही पाह्यजे. गिऱ्हाईक तुमच्या डावीकडे कसं बसन? तिकडे त भिंत हाय."

जन्मभर चार दरवाजे बंद करणाऱ्या माणसाने पाचवा स्वतःच्या हाताने सताड उघडून ठेवला होता. नजीरभाईंना आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग लेकीसमोर दोन्ही एकदम लपवताना त्यांची फारच तारांबळ उडाली. शमाने सुनावलं, की ही साखरेच्या आजाराची लक्षणं असू शकतात, मंगळवारी यवतमाळला डॉक्टरकडे जायचं. तिने अक्षरं छापलेल्या टोप्यांचं एक पाकीटही आणलं होतं. "लावून देऊ? नुसता आवाज आला म्हणजे अक्षर बरोबर पडलं असं नाही. बोट घसरलं त एक नजर टाकता येईन."

"कोरीच राहू दे," नजीरभाई म्हणाले. "माह्ये बोटं घसरत नाही. अन् शेडात कोणाले काही बोलाचं नाही."

सोमवारी हरिसिंग आला. शेडमध्ये खटखट ऐकून तो थोडा सैलावला, स्टुलावर बसला. नजीरभाईंनी नजर त्याच्या जुन्या कच्च्या कागदावर ठेवून अर्ज टाइप केला. प्रत्येक बटण वाजलं, एकही सुटलं नाही. पान निघालं. नजीरभाई वाचून दाखवायला लागणार तेवढ्यात हरिसिंगने हात पुढे केला.

"या खेपेस दुसऱ्याकडून वाचून घेतो," तो म्हणाला, आणि पान घेऊन सरळ पुंडलिकरावांच्या टेबलापाशी गेला.

इतक्या वर्षांत नजीरभाईंच्या टेबलावरचा कागद त्या टेबलावर गेला नव्हता. पुंडलिकरावांनी चष्मा लावला. ते पहिल्या ओळीपासून वाचत गेले, नाव, तांडा, तालुका. मग म्हणाले, "गट क्रमांक तीनशे चौदा."

नजीरभाईंना काय झालं ते तिथेच समजलं. बधिर बोट एका बटणाने उजवीकडे टेकलं होतं. तिनाचं बटणही दोनाइतकंच खणखणीत वाजलं होतं, आणि कोऱ्या टोपीवर बघण्यासारखं काही नव्हतंच.

हरिसिंग परत येऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. "पह्यले चौदा. आता तीनशे चौदा. कीबोर्ड नवा हाय ना, नजीरभाई? मंग?" त्याचा आवाज बारीक झाला होता. "मी तांड्यात सांगून आलो, नजीरभाई समोरच्या पार्टीले फुटले म्हणून. घरात बापाशी भांडलो. त्यायले पटतच नव्हतं. म्हणे, तो माणूस असा नाही. म्हणून आज आलो. आता जाऊन त्यायले काय सांगू?"

पुंडलिकराव चष्मा काढून इकडेच पाहत होते. शेडमध्ये सगळ्यांचे हात थांबले होते. हीच माणसं, ह्यांच्यापासूनच लपवायचं होतं. आणि लपवून काय वाचवलं, तर टेबल. ज्याच्यामुळे टेबलावर माणसं येत होती ते नाव इतके दिवस तांड्यातांड्यातून मातीत चाललं होतं आणि नजीरभाई इथे भिंतीला खेटून पहारा देत बसले होते. त्यांना स्वतःचा असा काही राग आला, की भीती वाटायला जागाच उरली नाही.

"सांग," ते म्हणाले, आणि शेडच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू जाईल असं म्हणाले. "नजीरच्या डाव्या हातात जान नाही राह्यली. दोन बोटं मेले. बटन कोणतं दाबलं ते मले समजत नाही. फुटलो नाही भाऊ. हात गेला."

त्यांनी डावा हात टेबलावर उताणा ठेवला. हरिसिंगने त्या हाताकडे पाहिलं. मग खाली बसला आणि गुडघ्यावरचे आपले हात चोळत म्हणाला, "हे पह्यलेच सांगाचं होतं ना. हात जाणं काय पाप हाय काय?"

पुंडलिकरावांनी आपली खुर्ची उचलली आणि नजीरभाईंच्या टेबलाच्या मोकळ्या बाजूला, जिथून पडदा स्वच्छ दिसतो, तिथे आणून ठेवली.

नजीरभाईंनी नवं पान घेतलं. गट क्रमांकापर्यंत खटखट करत आले आणि थांबले. डावं बोट बटणावर ठेवलं. दाबलं. खट्ट.

"दोन पडला काय, पुंडलिकराव?"

"हाव. दोन."

नजीरभाईंनी मान वर करून पाहिलं नाही. त्यांनी पुढचा आकडा दाबला.