‘लागेल’ नावाचा फोल्डर

एसटी स्टँडामागे आमच्या कॉम्प्युटरवाल्याचं दुकान आहे. नवी सिस्टीम टाकून झाली, तरी गिऱ्हाईकानं आपली एखादी जुनी फाईल उघडून त्याला मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय तो मशीन परत देत नाही. या हट्टाला कंटाळून यंदा मी सिस्टीम घरीच बदलली, आणि आमच्या नमन मंडळाच्या सगळ्या गाण्यांची चित्रविचित्र चिन्हं झाली. शिमगा आठ दिवसांवर! पेनड्राईव्ह घेऊन त्याच्याकडेच धावलो.

तो रागावला नाही. “वायच बसा,” म्हणाला. त्याच्या कोऱ्या मशीनवरही, जुनं कधीतरी लागेल म्हणून, ‘लागेल’ नावाचा एक फोल्डर आहे. मराठी टायपिंगचा आमचा जुना प्रोग्राम त्यानं त्यातून काढला, फाईल उघडली, आणि माझ्याकडे बघत राहिला. मी गणाची पहिली ओळ मोठ्यानं वाचली.

गाणी नव्या टायपिंगमध्ये करून दिल्यावर त्यानं आजचा प्रोग्रामही त्याच फोल्डरात टाकला.

“हा कशाला? हा तर नवाच आहे,” मी म्हटलं.

“आज नवा हाय ओ. तुमचा नातू नमनाला उभा राहील तेव्हा?”

माझ्या मुलाचं अजून लग्नही ठरलेलं नाही.