सुपरवायझरचं आरमार

भर लढाईत आरमार सोडून चहाला जाणारा सेनापती मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या क्लबात त्याला सगळे सुपरवायझर म्हणत. चाकणच्या एका पार्ट्सच्या कंपनीत त्याची सारी हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर दर रविवारी तो दिघीहून रहाटणीला यायचा, आमच्या ज्येष्ठांच्या क्लबात जहाजांची लढाई खेळायला.

हा खेळ माझ्या मुलाने परदेशातून आणला. दोन टेबलं जोडून वर निळी चादर अंथरली की झाला समुद्र. त्यावर बोटभर लांबीची जहाजं. पट्टीने अंतर मोजून ती पुढे सरकवायची आणि तोफेचा गोळा लागला की नाही, ते फासे टाकून ठरवायचं. खोक्यातली प्लास्टिकची जहाजं पाहून सुपरवायझरने नाक मुरडलं. "ही काय जहाजं हायत? साबणाच्या वड्या बऱ्या!" म्हणाला, आणि घरी ॲल्युमिनियमच्या तुकड्यांना कानस मारून स्वतःचं आरमार तयार केलं. माणूस मूळचा बीडकडचा. खरा समुद्र त्याने कंपनीच्या सहलीत पाहिला होता, तोही बसमधून न उतरता. "लई खारट वारं," एवढंच त्याचं समुद्राबद्दलचं मत.

पण आरमाराला त्याने कंपनीचा कायदा लावला होता. साडेतीनला पहिली शिफ्ट सुटते, म्हणजे त्याच्या खलाशांचीही सुटायची. दुसरी शिफ्ट चढेपर्यंत एक डाव त्याची जहाजं हलत नसत, तोफा डागत नसत. स्वतः तो फासे खाली ठेवून चहाला जायचा. मी विचारायचो, "मग मीही थांबू का?" "तू कामून थांबतो? तुझी कंपनी येगळी. तुझ्याकडं युनियन न्हाई." साहजिकच साडेतीननंतर तो हरायचा. आम्ही पोट धरून हसायचो. एकदाच तो हसला नाही. म्हणाला, "दमलेल्या मानसाला मशीनवर थांबवलं की हाताचं बोट जातं, राव. मी बघितलंय."

खेळताना मनगटावरचं घड्याळ आणि मोबाइल तो पिशवीत टाकायचा. वेळ एकच, भिंतीवरच्या घड्याळाची. मला तो टाइमकीपर म्हणायचा, कारण माझी सगळी नोकरी टाइम ऑफिसात झाली. मिनिटभर उशिरा आलेल्याचाही लेटमार्क मी कधी सोडला नाही, याचा मला मोठा अभिमान होता.

गेल्या वर्षी ढालीच्या सामन्यात आम्ही दोघंच उरलो. ढाल म्हणजे लाकडी फळीवर पितळी पत्रा, पण सुपरवायझरचा तिच्यावर जीव. "आमची ही म्हनती, म्हातारा खेळणी खेळतो. एकदा ढाल नेऊन तिच्यापुढं ठेवतो, मग बघू काय म्हनती!" त्या दिवशी तो साडेतीनच्या आत लढाई संपवायच्या इराद्यानेच आला होता, आणि संपवतही होता. माझं शेवटचं मोठं जहाज त्याच्या तोफेच्या टप्प्यात आलं. तेवढ्यात त्याचा एक फासा घरंगळत टेबलाखाली गेला. तो गुडघे धरत वाकला, बघेही फासा शोधायला वाकले. मी घड्याळाखालीच उभा होतो. घड्याळाची काच केव्हाच फुटलेली, आणि हातात मोजायची पट्टी.

मी पट्टीने काटा साडेतीनवर ढकलला.

तो फासा घेऊन वर आला, घड्याळाकडे बघून थबकला. बघे ओरडले, "सुपरवायझर, टाका की एक फासा! कोण बघतंय?" "खलाशी बघत्यात ना," तो म्हणाला आणि चहाला गेला. मी त्याची दोन जहाजं बुडवली आणि ढाल जिंकली. परत आल्यावर त्याने माझा हात हातात घेतला. "टाइमकीपर, एवढ्यात साडेतीन कसे वाजले रे?"

"रंगात आलं की कळत नाही."

"व्हय की. तू म्हनतोस म्हंजी वाजलेच असतील."

मी रात्री सांगणार होतो. मग पुढच्या रविवारी सांगणार होतो. ढालीवर माझं नाव रंगवून आलं, आणि होळीच्या आधी सुपरवायझर झोपेत गेला. त्याच्या बाराव्यालाही मी लाडू खाऊन गप्प परत आलो.

परवा ढाल पिशवीत घालून दिघीला गेलो. वहिनींपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "एवढीशीच व्हय? आनि ह्याच्यापायी हे रविवारचं जेवन टाकून पळायचे?" मग पदराने पत्रा पुसला. "म्हंजी हे हरले नव्हते."

"नाही, वहिनी. माझं नाव खोडतो, त्याचं घालतो."

"खोडू नका, भाऊजी. नाव राहू द्या. खाली लिहा, घड्याळ फिरवून जिंकली म्हनून. मग आना, हितं भिंतीला लावू."

काल काळेवाडीच्या पेंटरकडे गेलो. त्याने मजकूर वाचून माझ्याकडे पाहिलं. "काका, नक्की हेच लिहू?"

"हेच लिही," मी म्हणालो. "आणि अक्षर जरा मोठं काढ. वहिनींना चष्मा लागतो."