आतून लागणारी कडी

नलिनी गेली त्याच्या आदल्या दिवशी मी म्हैसूरच्या इस्पितळात नर्सशी पाण्यावरून भांडत होते. नलिनी माझी धाकटी बहीण. तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या आणि डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. ओठ सुकून पांढरे पडले होते तिचे. मी म्हटलं, "सिस्टर, अर्धा पेला द्या. बरं, दोन घोट. बरं, एक तरी..." माझा जन्म साड्यांचे भाव पाडण्यात गेला, पण ती मुलगी नुसती मान हलवत राहिली. शेवटी नलिनीच हसली. "अक्का, इथे तरी घासाघीस नको गं. मला काय तहानेची सवय नाही?" ती सहज बोलून गेली. मला मात्र इतक्या आठवड्यांनंतरही ते सहज घेता येत नाही.

आमचं घर रंगाऱ्यांचं. कापड रंगवायचा धंदा बसला तेव्हा मी शाळा सोडली आणि साड्यांचं गाठोडं घेऊन बन्नूरच्या बसने दारोदार हिंडले. त्यातून दुकान उभं राहिलं. नलिनी मात्र शिकली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि पिरियापट्टणच्या बाजूला एका तंबाखू कंपनीच्या गोदामात पानांची प्रत ठरवायच्या कामावर लागली. त्या कामावर तिथे आलेली ती पहिलीच बाई. पान मुठीत दाबायचं, सोडायचं, ते कसं उलगडतं त्यावरून ओल किती राहिली ते सांगायचं. दुकानात आली की माझ्या रेशमी साड्यांचे पदरही ती तसेच मुठीत दाबून बघायची. मी ओरडायचे, "अगं, घडी मोडशील!" तर म्हणायची, "माल दमट आहे, अक्का. दुसऱ्या प्रतीत टाकते." आणि हसत सुटायची. त्या कामावर जीव होता तिचा.

लग्न ठरवायच्या बैठकीत मानपानाचं बोलणं बाजूला सारून मी आधी विचारलं, "नोकरी चालू राहील ना?" सासूसासरे, मुलगा, सगळे हो म्हणाले. आणि त्यांनी शब्द मोडला नाही, हेच माझं दुखणं आहे. नोकरी सोड, असं त्या घरात तिला कुणी एकदाही म्हटलं नाही. फक्त सासूबाईंचं सोवळं कडक होतं. तंबाखूच्या वासाची साडी अंगावर असताना स्वयंपाकघरात यायचं नाही. दिवसभर उभी राहून, बसमध्ये लोंबकळत आलेली बाई आधी पुन्हा आंघोळ करायची आणि मग सारू-भाताला लागायची. सासूबाई मायेनेच म्हणायच्या, "किती दमतेस गं पोरी. त्या शाळेतल्या बायका बघ, चारला घरी असतात." समोरच्याने भाव सांगितला तर भांडता येतं. मायेने बोलणाऱ्या माणसाशी काय भांडायचं?

आणि एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. गोदामात बायकांसाठी संडास नव्हता. पुरुषांचा होता, त्याला आतून कडी नव्हती. मजूर बायका शेतामागे जायच्या; ही पडली 'मेडम', हिला तेही जमेना. म्हणून सकाळच्या बसपासून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत ती पाण्याचा थेंब घ्यायची नाही. तिला दिवस गेले, चक्कर यायला लागली, तेव्हा कुठे मला कळलं. माझं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी तिच्याबरोबर गोदामात गेले.

मॅनेजर गृहस्थ बोलायला गोड. "कुळितुकोळ्ळी अम्मा, बसा," म्हणाला, कॉफी मागवली. "स्टाफवर बाई एकच, तिच्यासाठी संडास कसा बांधू? हेड ऑफिस विचारेल. अजून चार बायका येऊ द्या, लगेच बांधतो."

"संडास नाही तर बायका येतील कशा?"

"तेही खरंच," तो म्हणाला.

"मग त्यालाच आतून कडी लावा. कडी मी आणते, सुतारही मीच आणते."

"कडी लावली की मजूर आत बसून विड्या ओढतात, अम्मा. मागे होती, आम्हीच काढली."

मी इतकी ओरडले की पानांच्या ढिगाऱ्यामागची माणसं वाकून बघायला लागली. कॉफीला हात न लावता उठले. परतीच्या बसमध्ये नलिनीने दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाली, "तुझं बरोबर आहे, अक्का. पण उद्या तिथे मला जायचंय ना..."

महिन्याभरात तिने नोकरी सोडली. मॅनेजर म्हणाला, बायका टिकत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, आम्ही कधी अडवलं नाही. नातेवाईक म्हणाले, बाळासाठी सोडली, शहाणी आहे. यातलं खोटं एकही नव्हतं, म्हणून कुणाची गचांडी धरता आली नाही. ती एका शाळेत लागली. पगार निम्मा, आणि वर्षानुवर्षं तेच धडे. मी चिडून विचारलं, "काय बघितलंस त्या शाळेत?"

"अक्का," ती म्हणाली, "आतून कडी आहे गं."

पण अंगात मुरलेली सवय गेली नाही. शाळेतही ती तहान मारूनच राहायची. मी दुकानाच्या मागे संडास बांधून घेतला तेव्हा मजबूत पितळी कडी लावली आणि तिला हाताला धरून नेऊन दाखवली. तिने ती दोनदा लावून, काढून बघितली. तेव्हापासून शाळा सुटली की दुकानात यायची. मी स्टीलच्या भांड्यात पाणी भरून ठेवायचे. ती दोन घोट घ्यायची आणि भांडं सरकवायची. "साकु अक्का, पुरे. अजून घरी पोचायचंय." घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं...

पाणी कमी प्यायल्यानेच आजार झाला असं सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे तिथेही भांडायला कुणी उरलं नाही.

शाळा सुटायच्या वेळेला मी अजून ते भांडं भरून ठेवते. दुकान बंद करताना ओतून देते. पूर्वी त्यात दोन घोट कमी असायचे.