मामांचं नाक

त्यांना सगळे मामा म्हणत, पण खरे मामा ते एकाच मुलीचे, थोरल्या बहिणीच्या लेकीचे. समुद्रकाठच्या त्या जुन्या वस्तीत तळ वाचणारा माणूस म्हणून आता तेवढेच उरले होते.

धुक्यात किनारा दिसेनासा झाला की दोरीला बांधलेलं शिशाचं वजन पाण्यात सोडायचं. त्याच्या बुडाशी एक खळगा, त्यात साबण थापलेला. वजन वर आलं की साबणाला तळाचा चिखल चिकटलेला असे. तो बोटांत चोळायचा, नाकाशी धरायचा आणि होडी कुठे आहे ते सांगायचं. कुजक्या पानांचा वास आला तर खाडीचं तोंड, टाका जाळं. ओल्या लोखंडाचा आला तर खाली बुडालेल्या जहाजाचा सांगाडा, निघा इथून. तळ वाचणाऱ्यानं एकदा सांगितलं की होडीत कुणी ब्र काढायचा नाही, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त.

वस्तीतल्या जाणत्यांनी आपल्याच तरुणांना शिकवावं अशी योजना मत्स्य खात्यानं काढली, तेव्हा मार्गदर्शक म्हणून मामांची नेमणूक झाली. सहा शिकाऊ, त्यांत भाची. मामा शिकवायचे झकास. पण कुणी चिखल हुंगून लगेच उत्तर दिलं की त्यांना खपत नसे.

"घाई कसली? गाडी सुटतेय? दहा लाटा जाऊ देत, मग तोंड उघड."

कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की दोन वर्षांपूर्वीच्या तापात मामांचा वास गेला होता. येईल परत, म्हणून त्यांनी आधी कुणाला सांगितलं नाही. मग नेमणूक आली, दारावर 'मार्गदर्शक' अशी पाटी लागली आणि सांगायचं राहिलं ते राहूनच गेलं. शिकवताना ते आठवणीतले वास सांगत. होडीत वाट दाखवणारं यंत्र खिशातून हळूच काढून बघून घेत.

परीक्षेच्या दिवशी खात्याच्या मॅडम स्वतः होडीत आल्या. भाचीला पुढच्या वर्षी दुसरी मार्गदर्शक म्हणून नेमायचं त्यांच्या मनात होतं. मॅडम अगदी शेजारी बसणार म्हणून मामांनी यंत्र घरीच ठेवलं. नेमकं त्याच दिवशी दाट धुकं पडलं.

भाचीनं वजन सोडलं, सावकाश वर ओढलं, चिखल नाकाशी धरला. दहा लाटा जाऊ दिल्या.

"मामा, लोखंड आहे. इथे नको."

मामांनी हुंगल्यासारखं केलं. बोटांना चिखल मऊ लागला. वल्ही मारलेल्या वेळेचा त्यांनी अंदाज बांधला. "चूक," ते म्हणाले. "खाडीचं तोंड. टाका जाळं."

भाचीचे ओठ हलले आणि मिटले. शिस्त ती शिस्त.

जाळं खाली अडकलं ते अडकलंच. ओढून वर काढलं तेव्हा मधोमध माणूस निघून जाईल एवढं भगदाड. तिच्या आईनं दोन महिने बसून विणलेलं जाळं.

"असं कसं झालं?" मॅडमनी विचारलं.

सगळे मामांकडे बघायला लागले.

"हिनं वजन हिसडून काढलं," मामा म्हणाले. "चिखल धुऊन गेला. मग कळणार कसं?"

भाचीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ती जाळं गोळा करायला लागली. मॅडमनी वहीत लिहिलं, 'एक वर्ष थांबावं.' मामांना ते बसल्या जागेवरून वाचता आलं.

संध्याकाळी मामा बहिणीकडे गेले, न जाऊन चालणार नव्हतं म्हणून. बाहेर ओसरीवर मायलेकी फाटकं जाळं पसरून बसल्या होत्या.

"आलास? जा, आत दूध ठेवलंय, तेवढं बघ," बहीण म्हणाली. "जाळ्याला हात लावू नकोस."

मामा आत चुलीकडे पाठ करून बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. एकदम भाची धावत आत आली.

"मामा! अरे, ओसरीपर्यंत करपल्याचा वास आलाय!"

पातेल्याचा तळ काळा झाला होता. मामा त्यापासून हातभर अंतरावर.

"लक्ष नव्हतं," ते म्हणाले.

भाची थबकली. कोपऱ्यातलं रॉकेलचं फडकं तिनं उचललं. "डोळे मिट. हं, आता सांग, काय आहे?"

मामांनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"म्हणजे सकाळी माझं बरोबर होतं."

"असणार."

"आणि तुला ते माहीत होतं?"

"ते नव्हतं माहीत. पण तू वजन हिसडलं नाहीस, ते माहीत होतं."

दारात उभ्या असलेल्या बहिणीनं ते ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "लहानपणीही काच फोडून माझंच नाव सांगायचास. पण तेव्हा सात वर्षांचा होतास रे." मामांना वाटलं, तिनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सहाही शिकाऊ बसलेले असताना मामांनी उभं राहून सगळं सांगितलं. आधी खोट्या ठपक्याचं, मग नाकाचं. मागच्या रांगेतला जाडा, ज्याला सगळे भोपळा म्हणत, तो म्हणाला, "तरीच मामा माझ्या चपलांशेजारी खुशाल डबा खायचे!" सगळे हसले. मामांनाही हसायचं होतं, जमलं नाही. मॅडमनी वहीतली ओळ खोडली आणि तिथे नवी लिहिली. पाटीचं काय करायचं असं मामांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते तुमच्या भाचीला विचारा."

त्यांनी विचारलं नाही. पाटी स्वतःच काढली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा धुकं होतं. होडीत तळ वाचायला भाची आणि वल्ह्यांवर मामा नि भोपळा. वजन वर आलं. तिनं चिखल चोळला, नाकाशी धरला.

"काय गं?" मामांच्या तोंडून निघून गेलं.

 मामा लाटा मोजायला लागले. दहा झाल्या, अकरावी गेली, बारावी गेली.

"लोखंड," भाची भोपळ्याकडे बघून म्हणाली. "डावीकडे घ्या."

मामांनी मान खाली घातली आणि डावीकडे घेतलं.