कुंडावरचं झाकण

भुताखेतांचा, चमत्कारांचा विषय निघाला की मी चहाला उठून जाणारा माणूस. वडील फौजेतले, त्यामुळे घरात असल्या गप्पांना थाराच नव्हता. पण परवा आमच्या दाजींनी मलाच खोदून खोदून विचारलं... तर घ्या, एकदाच लिहून टाकतो.

गाव कराड–विटा रस्त्यावरून थोडं आत. नाव देत नाही, उगाच तिथे गर्दी नको. तिथलं मिशनच्या काळातलं काळ्या दगडाचं चर्च आम्ही दुरुस्त करत होतो. मूळ काम चुन्याचं आणि सागवानाचं, फार देखणं. मधे कुणा शहाण्याने आतून सिमेंट थापलं, वर ऑइलपेंट! ओल भिंतीतच कोंडली. ते सिमेंट काढून पुन्हा चुन्याचा गिलावा करायचा, हे आमचं काम.

मुख्य दारातून आत शिरलं की उजवीकडे बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, कमरेएवढं उंच. त्यात धूळ जाऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी मी स्वतः त्याचं जाड सागवानी झाकण स्क्रूने आवळलं होतं. ते झाकण उचलायला दोघे लागतात.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला लाकडी सज्जा. त्याखाली गारवा, म्हणून दहिवडीकडची सिंधू तिथे बसून जुनी कौलं घासायची. सज्ज्याच्या तुळईला साडीची झोळी, झोळीत तिचं तान्हं पोरगं — अजून पालथंही पडत नव्हतं — आणि झोळीची दोरी सिंधूच्या पायाच्या अंगठ्याला. हात कौलावर, पाय झोक्यावर. शेजारी आमचे तात्या मिस्त्री कौलं निवडत बसलेले.

जेवणं होऊन काम सुरू झालं होतं. मी मधल्या खिडकीचं माप घेत होतो. तेवढ्यात सिंधू ओरडली.

"आवं तात्या, दोरी हलकी लागतीया... पोरगं कुटं हाय माजं?"

झोळी रिकामी. दोरी अजून अंगठ्यालाच.

"मी न्हाई गं उचललं, पोरी!" तात्या धडपडत उठले. मी हातातली टेप तिथेच टाकली. बाहेर रस्ता, मागे विहीर... काय काय मनात आलं ते लिहवत नाही. आणि मग दाराकडून बारीक आवाज आला. बाळ स्वतःशीच हुंकार देत होतं.

आम्ही तिघेही दाराकडे धावलो. कुंडाचं झाकण भिंतीला टेकवून उभं होतं. स्क्रू काठावर एका ओळीत ठेवलेले. आणि आत, झोळीतल्याच दुपट्यावर, पोरगं निवांत पडून वर बघत होतं. दाराच्या पायरीवर चर्चची झाडलोट करणाऱ्या रूथमावशी बसल्या होत्या, समया पुसत. त्या घाबरून म्हणाल्या, "अहो, मी इथून हललेच नाही. कुणी आत आलं नाही, बाहेर गेलं नाही."

सिंधूने पोराला छातीशी धरलं, आणि मागे कडाड् झालं. अख्खा सज्जा खाली आला. कौलं, झोळी, तात्यांचा पाट... सगळं त्याखाली.

धूळ बसल्यावर तात्या जमिनीवर बसले आणि हसायला लागले. मग रडायला लागले. मीही. लाज कसली, सगळे जिवंत होतो! इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सज्जा का पडला ते मी सांगू शकतो. भिंतीत गेलेलं तुळईचं टोक ओलीने कुजलं होतं, सिमेंटमुळे बाहेरून दिसलं नाही. पण बाळ? माझा स्क्रूड्रायव्हर बाहेर गाडीच्या डिकीत होता, कुलूप लावून. मी तात्यांना विचारलं, मावशींना चार-चारदा विचारलं. शेवटी सिंधूच म्हणाली, "सायेब, कुनी उचललं ते आता इचारू नगा. उचललं, हेच लय झालं."

काम पुरं झालं. चुन्याच्या भिंती आता मोकळा श्वास घेतात, नवा सज्जा भक्कम आहे. कुंडावर झाकणही पुन्हा ठेवलं. मावशी म्हणाल्या, "साहेब, स्क्रू राहिले की."

ते माझ्या खिशातच होते. म्हटलं, "राहू द्या, मावशी."