खालचा अर्धा भाग

खटपट्याला घरी रिकामं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. नोकरी लिफ्ट दुरुस्तीची. दिवसभर लोकांच्या इमारतींत वर-खाली करून आला, की हा पठ्ठ्या टेबलाशी बसून कसली तरी वायर सोलणार. लग्न राहूनच गेलं. घरात तो, त्याची आई आणि एक आगाऊ मांजर.

आई पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं, एकटीनं उठायचं नाही. पुन्हा पडल्या तर अंथरूण धरतील. समोरच्या वहिनी भल्या. म्हणाल्या, "भाऊजी, मला फोन करा, मी येईन हात धरायला." पण आई उठतेय हे याला कामावर कळणार कसं? ती स्वतः हाक मारेल तर शपथ! दुसऱ्याला तोशीस द्यायची म्हटलं की तिच्या जिवावर यायचं.

मग त्यानं कॅमेऱ्याचा एक बोर्ड आणला. काडेपेटीएवढा, वर मसुरीएवढं भिंग. नखरे मात्र जावयाचे. कॉम्प्युटरची वायर लावायला त्याला जागाच नाही; मध्ये दुसरा चिमुकला बोर्ड जोडायचा, दोन पिना तारेनं एकत्र करायच्या, बटण दाबायचं, मग कुठे प्रोग्रॅम आत शिरणार. शिरला तर वायफाय पकडेना. पकडलं तर चित्र उलटं, आई छताला चिकटलेली. ते सरळ केलं तर बोर्ड सारखा बंद पडून पुन्हा सुरू होई. चार्जर मरतुकडा निघाला, एवढंच. तो बदलला आणि स्वारी वठणीवर आली. आता आईच्या खोलीत काही हललं, की खटपट्याच्या मोबाईलवर सूचना येई आणि संडासाकडे जाणाऱ्या पॅसेजमधला दिवा आपोआप लागे.

पण मांजर! ते कॉटखालून गेलं तरी सूचना. खटपट्या लिफ्टच्या खड्ड्यातून वहिनींना फोन करी, वहिनी ताटावरून उठून धावत, आणि आई आपली गाढ झोपलेली. वहिनी बोलल्या काही नाहीत, पण त्यांच्या कपाळावरच्या आठ्या फोनवरही कळत. आणि आई खरंच उठलेली असली, की हा तिला फोन लावून तिकडून ओरडे, "खाली बस आधी! वहिनी येईपर्यंत हलू नकोस!"

शेवटी त्यानं सेटिंगमध्ये चित्रावर आडवी रेघ ओढली. रेघेखालचं चित्र काळं केलं, तिथली हालचाल बोर्डानं सोडून द्यायची. माणूस उभं राहिलं तरच बोंब मारायची. मांजर शेपटी वर करून समोरून गेलं, बोर्ड गप्प. खटपट्याला आकाश ठेंगणं झालं.

"बघ आई, आता खालून काहीही जाऊ दे, याला पत्ता लागत नाही."

"काहीच दिसत नाही त्याला खालचं?" आईनं विचारलं.

"काहीच नाही."

"हुशार आहेस रे," ती म्हणाली.

त्यानंतर सूचना येईनाशा झाल्या. आई आता ऐकायला लागली म्हणून याच्या जिवात जीव आला. तो निवांत कामाला जाऊ लागला.

एका संध्याकाळी घरी आला तर आई अंधाऱ्या पॅसेजमध्ये, संडासाच्या उंबऱ्याशी पालथी पडलेली. शुद्धीवर होती, कपडे ओले, दुपारपासून तशीच. मोबाईलवर दिवसभरात एकही सूचना नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी खुबा पाहिला, मग गुडघे. गुडघ्यांची कातडी काळी, जाड झालेली. जुन्या खपल्यांवर नव्या खपल्या.

"आई घरात रांगतात का?"

"छे हो," खटपट्या म्हणाला. "आई उठली तर मला कळतं. मी सोय केलीय तशी."

आई भिंतीकडे बघत होती. "उभी राहिले की ती समोरची पोर जेवणावरून उठून पळत येते. तू तिकडून ओरडतोस. साधं संडासला जायचं तर सगळीकडे दवंडी. म्हणून खालून जात होते."

"अगं, पण अंधारात?"

"दिवा उभं राहिल्यावर लागतो ना. सवय झाली होती. आज उंबऱ्याशी उठताना तोल गेला."

खटपट्यानं बोर्डाचे एवढे लाड पुरवले, पण आईला काय हवंय हे एकदाही विचारलं नव्हतं. डॉक्टरीणबाई त्याला बाहेर घेऊन गेल्या. आई आता अंथरुणातून उठणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

तिला घरी आणलं. कामावर परत जायच्या सकाळी तो टेबलाशी बसला आणि ती जरा हलली तरी कळावं म्हणून त्यानं ती रेघ पुसून टाकली. स्क्रीनवर अख्खी खोली आली: फरशी, कॉट, कॉटखालचं संडासाचं भांडं.

"आता सगळं दिसतं?" आईनं पडल्या पडल्या विचारलं.

"हो."

तिनं चादर तोंडावर ओढून घेतली.

"मग जा तू कामाला," ती आतून म्हणाली.